शाका लाका बूम बूमवाली यूटीव्ही गेली कुठे? एका मालिका कंपनीचे मालक कसे बदलत गेले, त्याची गोष्ट

रील्स सरकवता सरकवता मध्येच संजूची ती पेन्सिल येते आणि बोट थांबतं. शाका लाका बूम बूम! चित्र काढलं की ते खरं होणार. त्या काळात आमच्या मनीषनगरात फाटकाजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात तशीच, वरच्या टोकाला डोकं असलेली पेन्सिल मिळायची. ती घेऊन कितीतरी पोरांनी वहीत सायकल काढली. सायकल काही आली नाही.

अशा रीलखाली हमखास एक भांडण चालू असतं. एक जण म्हणतो ही मालिका दूरदर्शनवर होती, दुसरा म्हणतो स्टार प्लसवर. तिसरा म्हणतो, हंगामावर बघितल्यासारखी वाटते. चौथ्याला वेगळाच प्रश्न पडलेला असतो: ही आज कोणाच्या मालकीची?

दूरदर्शनवाला आणि स्टार प्लसवाला दोघंही बरोबर आहेत. ही मालिका २००० साली दूरदर्शनवर सुरू झाली. ती आणली होती विजय कृष्ण आचार्य यांनी, म्हणजे ज्यांनी पुढे 'धूम ३' दिग्दर्शित केला त्यांनीच. वर्षभराने ती स्टार प्लसवर गेली, किंशुक वैद्य संजू झाला आणि निर्मितीची सूत्रं यूटीव्ही नावाच्या कंपनीकडे आली. आपल्याला आठवतो तो संजू हाच.

चौथ्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका ओळीत देता येत नाही. त्यासाठी यूटीव्हीचीच गोष्ट सांगावी लागते. ३७,५०० रुपयांच्या भांडवलावर सुरू झालेली ही कंपनी बावीस वर्षांत डिस्नेने अख्खी विकत घेतली. आणि आज टीव्ही लावला तर तिचं नाव दिसणंसुद्धा मुश्कील.

टूथब्रश विकणारा माणूस आणि दुर्गाबाईंचा नातू

यूटीव्ही सुरू झाली १९९० साली मुंबईत. संस्थापक तीन: रॉनी स्क्रूवाला, झरीना मेहता आणि देवेन खोटे.

रॉनी स्क्रूवाला हे मुंबईचे पारशी गृहस्थ. नाटकात काम करायचे, टूथब्रश बनवायचा धंदाही करून झालेला. त्याआधी, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांनी दक्षिण मुंबईतल्या उंच इमारतींमध्ये तारा टाकून घरोघरी सिनेमे दाखवायला सुरुवात केली होती. देशात केबल टीव्ही हा शब्दही लोकांना नीट माहीत नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. लोक टीव्हीसाठी वेगळे पैसे देतील यावर तेव्हा कोणाचा विश्वास बसत नव्हता. लोकांनी दिले.

देवेन खोटे हे नाव मराठी वाचकाला थांबवणारं आहे. ते दुर्गाबाई खोटे यांचे नातू आणि विजया मेहता यांचे चिरंजीव. दुर्गाबाई म्हटलं की आपल्याला 'अयोध्येचा राजा' आठवतो नाहीतर 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई. पण उतारवयात त्या जाहिराती आणि माहितीपट बनवणारी स्वतःची कंपनी चालवत होत्या, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेली 'वागले की दुनिया' ही मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचीच. आर. के. लक्ष्मण यांची पात्रं, कुंदन शहा यांचं दिग्दर्शन, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांची जोडी. म्हणजे टीव्ही मालिका बनवणं हा खोट्यांच्या घरात आधीपासून चालत आलेला उद्योग होता.

दूरदर्शनचा हिशोब वेगळा होता

मालकीचा घोळ समजून घ्यायचा तर आधी पैसा कुठून कुठे जातो ते बघू. थोडं रुक्ष आहे, पण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

'हम लोग'पासून, म्हणजे १९८४ पासून, दूरदर्शनवर प्रायोजित मालिकांची पद्धत रुळली. यात निर्माता मालिका स्वतःच्या खर्चाने बनवायचा. ती दाखवायची म्हणून दूरदर्शनला शुल्क भरायचा. त्या बदल्यात त्याला जाहिरातींसाठी ठरावीक सेकंद मिळायचे. ते सेकंद साबण, चहा, टूथपेस्टवाल्यांना विकून त्याने आपला खर्च आणि नफा काढायचा. जाहिराती मिळाल्या नाहीत तर घरचे दागिने गहाण. पण मालिका चालली तर नफाही त्याचा आणि मालिकाही त्याची.

१९९२ च्या ऑक्टोबरमध्ये झी टीव्ही आला. यूटीव्हीने सुरुवातीच्या काळातच झीला कार्यक्रम पुरवायला सुरुवात केली. मोहन कपूर यांचा 'साँप सीढी' हा गेम शो त्यातलाच. मात्र खाजगी चॅनलचा हिशोब उलटा होता. चॅनल म्हणायचं, एका भागाला अमुक इतके पैसे घ्या, मालिका बनवून द्या. जाहिराती आम्ही विकू, बुडाली तर आम्ही बुडू. निर्मात्याला खर्च आणि वर थोडा नफा. अट एकच: बनलेल्या मालिकेचे हक्क चॅनलचे.

घर बांधणाऱ्या कंत्राटदारासारखं आहे हे. विटा त्याच्या, गवंडी त्याचे, डिझाइनसुद्धा बरेचदा त्याचंच. पण सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं. उद्या त्या घराची किंमत दसपट झाली तर कंत्राटदाराने रस्त्यावरून बघावं.

सुरुवातीला निर्मात्यांना हे सोयीचं वाटलं, आणि त्यात चूकही नव्हती. जाहिरातदारांच्या दारात उभं राहायचं नाही, पैसे वेळेवर, काम सतत. पण दहा वर्षांनी ताळेबंद उघडला की उलाढाल मोठी दिसायची आणि कपाट रिकामं. हजारो तासांचं चित्रीकरण केलेल्या कंपनीकडे स्वतःचे म्हणावेत असे शंभर तासही नसायचे.

'शांती' या सगळ्याच्या मधल्या काळातली. १९९४ मध्ये यूटीव्हीने ती दूरदर्शनवर आणली. मंदिरा बेदी पत्रकाराच्या भूमिकेत. भारतातली पहिली रोज चालणारी मालिका म्हणून तिचं नाव घेतलं जातं. आठवड्याला एक भाग बघायची सवय असलेल्या देशाला दुपारी रोज तेच घर, तीच माणसं बघायची सवय लागली. आज संध्याकाळी सात ते साडेदहा रिमोट आईच्या किंवा सासूबाईंच्या हातून सुटत नाही, त्याची सुरुवात 'शांती'त सापडते. चांगलं की वाईट, ते ज्याने त्याने ठरवावं. रोजच्या मालिकेने एक मात्र केलं, कंपनीला कारखान्याचं रूप आलं. महिन्याला चार भाग नव्हे, वीस-बावीस. लेखकांची फौज, दोन-दोन युनिट, एडिटिंग रात्रभर. एवढा मोठा कारखाना चालवायला भांडवल लागतं आणि भांडवल आलं की भागीदार येतो.

पहिला परदेशी पाहुणा

यूटीव्हीचा पहिला मोठा परदेशी भागीदार डिस्ने नव्हता. १९९० च्या दशकाच्या मध्यात रूपर्ट मर्डॉक यांच्या समूहाने यूटीव्हीत मोठा हिस्सा घेतला. हेच मर्डॉक तेव्हा स्टार टीव्हीचेही मालक होते. पुढे संस्थापकांनी तो हिस्सा परत मिळवला. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

आपल्या हातात हक्क नाहीत ही खंत यूटीव्हीला लवकर कळली असावी. कारण त्यांची पुढची धडपड एकाच दिशेने दिसते: स्वतःच्या मालकीचं काहीतरी उभं करायचं. दक्षिणेत त्यांनी चॅनलकडून वेळ विकत घेऊन त्यातल्या जाहिराती विकण्याचा धंदा केला. मग चेन्नईतलं एक तमिळ चॅनलच घेतलं, विजय टीव्ही. विजय मल्ल्या यांच्या समूहाकडून ते यूटीव्हीकडे आलं आणि २००१ मध्ये यूटीव्हीकडून स्टारकडे गेलं. तेच आजचं स्टार विजय, तमिळमधल्या सगळ्यात मोठ्या चॅनलपैकी एक. चॅनल चालवणं म्हणजे पाण्यासारखा पैसा, हा धडा यूटीव्हीला तिथे मिळाला. तरी हौस गेली नाही.

दरम्यान ३ जुलै २००० उजाडला. त्या रात्री स्टार प्लसवर 'कौन बनेगा करोडपती' आणि 'क्योंकि सास भी कभी बहू थी' एकाच दिवशी सुरू झाले आणि हिंदी टीव्हीचा केंद्रबिंदू सरकला. मालिकांच्या धंद्यात आता बालाजी टेलिफिल्म्सचं राज्य सुरू झालं. यूटीव्हीच्या मालिका चालू होत्या, 'भाभी' तर कितीतरी वर्षं चालली, पण स्क्रूवालांचं लक्ष सिनेमाकडे वळलं होतं.

त्यामागचं कारण पुन्हा तेच. सिनेमात पैसा घातला की थिएटर, टीव्ही, डीव्हीडी, परदेश असे सगळे हक्क निर्मात्याकडे राहतात. सिनेमा पडला तरी त्याची फिल्म तुमच्या कपाटात असते. आशुतोष गोवारीकर यांच्या 'स्वदेस'मध्ये (२००४) यूटीव्ही भागीदार होती. शाहरुख खान आपल्या वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर फिरला तोच हा सिनेमा. तिकीटबारीवर त्याने निराशा केली, पण आज त्याला ज्या मानाने बघतात ते बघता कपाटात ठेवायला वाईट माल नव्हता. मग २००६ च्या प्रजासत्ताक दिनी 'रंग दे बसंती', पुढे 'खोसला का घोसला', 'जोधा अकबर', 'अ वेन्सडे', 'देव डी'. दादासाहेब फाळक्यांवरचा परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' प्रेक्षकांपर्यंत नेण्यातही यूटीव्हीचा हात होता. एक मराठी सिनेमा ऑस्करसाठी भारताची अधिकृत निवड होतो आणि त्यामागे एवढी मोठी वितरण कंपनी उभी असते, हे तेव्हा नवलच होतं.

हंगामा : बनवलं, वाढवलं, विकलं

२००५ मध्ये यूटीव्हीने शेअर बाजारात नोंदणी केली. त्याच्या थोडं आधी, सप्टेंबर २००४ मध्ये, त्यांनी लहान मुलांसाठी हंगामा टीव्ही काढला. कार्टून नेटवर्क, निक असे परदेशी भिडू मैदानात आधीपासून होते. हंगामा देशी होतं आणि हिंदीत बोलत होतं. जपानी कार्टून स्वस्तात आणून झकास हिंदीत डब करायची, मधे आपले कार्यक्रम घालायचे. नागपूरच्या पोरांना शिनचॅनची भाषा पाठ झाली ती इथे. आयांनी त्याला शिव्या घातल्या त्याही इथेच.

हंगामाला तीन महिने होतात न होतात तोच, डिसेंबर २००४ मध्ये, डिस्ने चॅनल भारतात आलं. नाव जगभर मोठं, पण इथल्या मुलांना हंगामा जास्त आवडत होतं. अशा वेळी मोठी कंपनी काय करते? जुलै २००६ मध्ये डिस्नेने जाहीर केलं की ते हंगामा टीव्ही ३ कोटी ५ लाख डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण १४० कोटी रुपयांना घेत आहेत. दोन वर्षांचं चॅनल!

त्याच करारात आणखी एक बारीक कलम होतं. डिस्नेने खुद्द यूटीव्हीतही १४.९ टक्के हिस्सा घेतला, १ कोटी ४० लाख डॉलरला.

हे १४.९ काय प्रकरण आहे? १५ का नाही? तर सेबीच्या तेव्हाच्या नियमानुसार नोंदणीकृत कंपनीत १५ टक्के गाठले की तुम्हाला बाकीच्या भागधारकांकडूनही आणखी २० टक्के शेअर विकत घ्यायची खुली ऑफर द्यावी लागे. छोट्या भागधारकाला बाहेर पडायची संधी मिळावी म्हणून हा नियम. १४.९ वर थांबलं की घरात पाय ठेवता येतो आणि दार वाजवावं लागत नाही. नंतर २०११ मध्ये ही मर्यादा २५ टक्के झाली. म्हणून २०१७ साली मुकेश अंबानींच्या रिलायन्सने बालाजी टेलिफिल्म्समध्ये ४१३ कोटी देऊन हिस्सा घेतला तो किती? २४.९२ टक्के. पुढच्या वेळी बातमीत असा दशांश दिसला की समजून जा, कोणीतरी उंबरठ्याच्या अलीकडे उभं आहे.

डिस्ने फार काळ उंबरठ्यावर थांबली नाही. २००८ च्या सुरुवातीला त्यांनी सुमारे ८०० कोटी रुपये देऊन हिस्सा ३२ टक्क्यांवर नेला. आता खुली ऑफर द्यावीच लागली. याच सुमारास यूटीव्हीचा टीव्हीचा संसार फुगला: तरुणांसाठी बिंदास, सिनेमांसाठी यूटीव्ही मूव्हीज आणि यूटीव्ही ॲक्शन, जोडीला अर्थविषयक बातम्यांचं चॅनल. आणि २०११ येईपर्यंत डिस्नेचा हिस्सा निम्म्याच्या वर गेलेला होता.

जुलै २०११ मध्ये शेवटचा प्रस्ताव आला. उरलेले सगळे शेअर, संस्थापकांचे आणि जनतेचे, १,००० रुपयांपर्यंत भाव देऊन घ्यायचे आणि कंपनी शेअर बाजारातून काढून घ्यायची. एकूण रक्कम सुमारे २,००० कोटी रुपये. फेब्रुवारी २०१२ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. यूटीव्ही आता शंभर टक्के डिस्नेची होती, नाव झालं डिस्ने यूटीव्ही.

याच २०१२ साली संसदेने कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती केली. सिनेमा-मालिकांच्या लेखकांना आणि गीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क मिळाला, जो निर्मात्याला करारात लिहूनही हिरावून घेता येत नाही. कंपन्या हजारो कोटींना विकल्या जात असताना त्यातली कथा लिहिणाऱ्याला एका भागाचं ठरलेलं मानधन मिळून विषय संपत असे. कायदा आला म्हणून चेक लगेच आले असं नाही, त्यासाठी लेखकांच्या संघटनांना पुढेही भांडावं लागलं. पण निदान हक्क कागदावर तरी आला.

बालाजी वाचली, यूटीव्ही गेली, असं का?

तुलना होणारच, कारण दोन्ही मुंबईच्या, दोन्ही नव्वदच्या दशकातल्या आणि दोघींच्या दारात परदेशी पैसा आला. स्टारने २००४ मध्ये बालाजीत प्रतिशेअर ९० रुपयांनी २१ टक्के घेतले आणि पुढे हिस्सा पाव भागापर्यंत नेला. म्हणजे माल घेणारं गिऱ्हाईकच दुकानात भागीदार झालं. २००८ मध्ये दोघांचं बिनसलं, 'क्योंकि' नोव्हेंबरमध्ये बंद झाली. पण कपूर कुटुंबाने बालाजीवरचा ताबा सोडला नाही. भागीदार आले, गेले, नवे आले. कंपनीचं नाव आणि खुर्ची तिथेच राहिली.

यूटीव्हीने वाढीसाठी प्रत्येक टप्प्यावर मालकीचा एक तुकडा विकला. मला यात स्क्रूवालांची चूक दिसत नाही. चॅनल, सिनेमा, गेम्स असं सगळं एकाच वेळी उभं करायला तेव्हा देशात एवढं भांडवल कोण देत होतं? बँका सिनेमावाल्यांना दारात उभं करत नव्हत्या. सरकारने सिनेमाला उद्योगाचा दर्जाच १९९८ मध्ये जाहीर केला. पण डिस्नेसारख्या कंपनीला तुम्ही पहिला तुकडा विकता, तेव्हा शेवटचा तुकडा कोण घेणार हे बहुतेक तिथेच ठरलेलं असतं.

घर घेतलं, पण राहायला जमेना

पुढचा भाग लवकर उरकतो, कारण तो खुद्द डिस्नेनेही लवकर उरकला.

२०१३ च्या अखेरीस स्क्रूवाला कंपनीतून बाहेर पडले, सूत्रं सिद्धार्थ रॉय कपूर यांच्याकडे आली. 'बर्फी', 'चेन्नई एक्सप्रेस', 'हैदर' अशी नावं डिस्नेच्या मालकीच्या काळात कंपनीशी जोडली गेली. मग ऑगस्ट २०१६ मध्ये 'मोहेंजो दारो' आला आणि जोरात आपटला. दिग्दर्शक तेच, 'स्वदेस'वाले गोवारीकर. त्याच वर्षी एप्रिलमध्ये डिस्नेच्या 'जंगल बुक'ने भारतात धो धो कमाई केली होती. अमेरिकेत बसलेल्या हिशोबनीसाला दिसलं ते सरळ होतं: आपला तयार सिनेमा हिंदीत डब करून लावला तर धोका नाही, आणि इथे नव्याने बनवायला गेलं तर शंभर कोटी पाण्यात. डिस्नेने हिंदी सिनेमे बनवणं थांबवायचं ठरवलं. रॉय कपूर वर्षाअखेरीस गेले.

गंमत अशी की त्याच डिसेंबरमध्ये याच कंपनीचा 'दंगल' आला. पुढच्या वर्षी चीनमध्ये तो असा चालला की जगभरची कमाई २,००० कोटींच्या आसपास गेली. तोवर निर्णय झालेला होता. २०१७ मध्ये 'जग्गा जासूस' आला आणि दुकान बंद झालं. चॅनलच्या नावांवरची यूटीव्ही ही अक्षरंही नंतर पुसली गेली.

आणि आता ते लक्षात ठेवायला सांगितलेलं नाव. मार्च २०१९ मध्ये डिस्नेने मर्डॉक यांच्या ट्वेंटीफर्स्ट सेंचुरी फॉक्सचा बहुतेक भाग ७,१३० कोटी डॉलरला विकत घेतला. त्यात भारतातली अख्खी स्टार इंडिया आली: स्टार प्लस, आपली स्टार प्रवाह, हॉटस्टार आणि हो, विजय टीव्हीसुद्धा. म्हणजे यूटीव्हीने एकेकाळी मर्डॉककडे विकलेलं विजय आणि डिस्नेकडे विकलेलं हंगामा, दोन वेगळ्या वाटांनी फिरून एकाच मालकाच्या घरात येऊन बसले. यूटीव्हीचं नाव मात्र त्या घरात फार काळ टिकलं नाही.

तेही घर पुन्हा बदललं. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी रिलायन्स, वायकॉम१८ आणि डिस्नेचा भारतातला कारभार एकत्र आला. ७०,३५२ कोटी रुपये किमतीचा संयुक्त उपक्रम, अध्यक्षपदी नीता अंबानी. डिस्नेकडे ३६.८४ टक्के राहिले, बाकी ताबा रिलायन्सकडे. हीच जिओस्टार, आणि फेब्रुवारी २०२५ पासून मोबाइलवर दिसणारं जिओहॉटस्टार. या विलीनीकरणाला मंजुरी देताना स्पर्धा आयोगाला काळजी होती की मुलांच्या आणि काही प्रादेशिक भाषांच्या चॅनलमध्ये एकाच मालकाची मक्तेदारी होईल. म्हणून दोन्ही बाजूंनी सात चॅनल विकायची तयारी दाखवली. त्या यादीत एक नाव होतं हंगामा.

मराठी प्रेक्षकाला यात आणखी एक गोष्ट दिसेल. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी एकमेकांशी टीआरपीसाठी भांडत होते, तेव्हा निर्मात्याला निदान दोन दारं होती. इथे मालिका नाकारली तर तिथे जाऊ. मोठी गिऱ्हाइकं कमी झाली की कंत्राटदाराचा भाव कोण ठरवणार, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. मराठी मालिका बनवणाऱ्या बहुतेक संस्था आजही त्याच जुन्या हिशोबावर चालतात: भागामागे पैसे, हक्क चॅनलचे. लॉकडाऊनमध्ये चित्रीकरण बंद पडलं आणि चॅनलांनी जुन्या मालिका पुन्हा लावल्या, तेव्हा त्या कधी लावायच्या, किती वेळा लावायच्या, हे ठरवायचा अधिकार ज्याच्याकडे हक्क होते त्याचाच होता.

मग ती माणसं कुठे आहेत?

स्क्रूवाला विकून घरी बसले नाहीत. त्यांनी २०१७ मध्ये आरएसव्हीपी नावाची नवी सिनेमा कंपनी काढली, 'उरी' त्यांचाच. कबड्डीत यू मुंबा, शिक्षणात अपग्रॅड. रायगड जिल्ह्यातल्या गावांत पाणी, शौचालयं, शाळा, रोजगार यांवर त्यांची आणि झरीना यांची स्वदेस फाउंडेशन काम करते. नाव कुठून आलं ते ओळखलंच असेल. कंपनी गेली, चॅनल गेली, तिकीटबारीवर पडलेल्या सिनेमाचं नाव तेवढं राहिलं.

दुर्गाबाईंचे वागलेही परत आले. २०२१ मध्ये सोनी सबवर नवी 'वागले की दुनिया' सुरू झाली, ती हॅट्स ऑफ प्रॉडक्शन्सने बनवली. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर त्यात आजी-आजोबा झाले.

पुढच्या वेळी एखादी जुनी मालिका दिसली तर शेवटच्या पाट्या पळवू नका. सगळ्यात शेवटी, अगदी बारीक अक्षरांत, कॉपीराइटचं वर्तुळातलं चिन्ह आणि एक नाव येतं. बरेचदा ते सुरुवातीला मोठ्या अक्षरांत आलेल्या निर्मात्याचं नसतं. आणि रीलवर असेल, तर कोपऱ्यातला लोगो तेवढा बघा. तो कापलेला असेल, तर अपलोड करणाऱ्याला मालक कोण ते चांगलं माहीत आहे.